फाल्गुनरावांच्या तसबिरीमागोमाग: पॅरिस, पेझेना, पॅरिस

बाबांनी 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनरावाचं काम केलं तेव्हा मी सात वर्षांची होते. सांगलीतली हौशी मंडळी, तालमी आमच्याच ओसरीवर. नाटकातली तसबीर म्हणून दिवाणखान्यातली काकांची फ्रेम जायची आणि प्रयोग संपला की परत खिळ्यावर यायची. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला सावरताना फाल्गुनरावाला त्याची बायको पाहते, तिथून घोटाळा सुरू होतो. मग रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि नवऱ्याचा जीव जळायला लागतो. हे मला पाठ होतं. काकांची तसबीर घेऊन दात-ओठ खाणारे बाबा बघून थिएटर खदखदायचं. मी मात्र घरी आल्यावर फ्रेमची काच फुटली नाही ना, हे आधी बघायचे.

ही तसबीर मुळात कुठली, हे पुष्कळ उशिरा कळलं. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. 1916 साली पदं घालून त्याचंच 'संगीत संशयकल्लोळ' झालं. देवलांपुढे आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराचं 1761 सालचं नाटक होतं. मर्फीने कथा घेतली होती फ्रेंच नट-नाटककार मोलियेरच्या 'स्गानारेल'वरून, आणि ते रंगभूमीवर आलं 28 मे 1660 रोजी, पॅरिसमध्ये. म्हणजे आमच्या भिंतीवर टांगायच्या आधी ही तसबीर पॅरिस, लंडन आणि कृष्णाकाठ फिरून आली होती.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत. पुण्यात दोन वर्षं शिकलेलं फ्रेंच आणि साठवलेली रजा घेऊन मी जानेवारीत निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सगळं बघ. पण नट म्हणून बघ मोलियेरला. पुस्तकातला मोठा माणूस म्हणून नको."

पहिल्या सकाळी मी त्याचं जन्मघर शोधायला गेले. तिथे लगेच पेच पडला, कारण पॅरिसमध्ये मोलियेरच्या जन्माच्या दोन पाट्या आहेत. एक र्यू द्यु पाँ-नफवर, त्याच्या अर्धपुतळ्यासह. दुसरी तिथून थोड्याच अंतरावर, र्यू सां-तोनोरेच्या 96 नंबरच्या इमारतीवर. खरी जागा ही दुसरी. मूळ घर 1802 मध्ये पाडलं. त्याच्या कोपऱ्यावरच्या लाकडी खांबावर संत्र्याच्या झाडावर चढणारी माकडं कोरलेली होती आणि लोक त्या घराला माकडांचं घरच म्हणायचे. झां-बातिस्त पोक्लां या पोराने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पहिली दिसायची ती माकडं. नकला करणारी जातच ती. आता खाली दुकान आहे, वर खिडक्या आहेत, आणि थंडीत मान वर करून पाटी वाचणारी त्या वेळी तरी मी एकटीच होते.

वडील राजाचे तापिसिए, म्हणजे राजवाड्यातल्या गाद्या, पडदे, खुर्च्यांची कापडं यांचं काम बघणारे. हा हुद्दा घराण्यात टिकणारा होता आणि थोरल्या मुलाच्या नावे करूनही ठेवला होता. आई तो दहा वर्षांचा असताना गेली. बसून खायची सोय झालेली असताना एकविसाव्या वर्षी, 30 जून 1643 रोजी, या पोराने नऊ जणांबरोबर एका करारावर सही केली आणि नाटक मंडळी काढली. नाव 'इल्युस्त्र तेआत्र', अर्थात नामांकित नाट्यगृह. नामांकित व्हायचं अजून बाकी होतं. मंडळीचा कणा होती मादलेन बेजार, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आणि तेव्हाच नाव मिळवलेली नटी. पुढच्या वर्षी त्याने मोलियेर हे नाव घेतलं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

त्या घरापासून चालत गेलं की सां-तोस्ताशचं प्रचंड चर्च लागतं. 15 जानेवारी 1622 ला त्याचा बाप्तिस्मा इथे झाला. जन्मतारीख कुठे नोंदलेली नाही, म्हणून फ्रान्स याच तारखेला त्याचा वाढदिवस धरतो. आत शिरले तर कुणीतरी ऑर्गनवर सराव करत होतं, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मी बराच वेळ बसले. या चर्चचा त्याच्याशी संबंध बाप्तिस्म्यावर संपत नाही, पण ते पुढे.

तिथून नदीच्या दिशेने शातले. आज या चौकात दोन मोठी नाट्यगृहं समोरासमोर उभी आहेत. मोलियेरच्या काळी इथे तुरुंग होता. मंडळी दीड-दोन वर्षांत कर्जात बुडाली आणि ऑगस्ट 1645 मध्ये मेणबत्त्या पुरवणाऱ्याचे 142 लिव्र थकल्यामुळे त्याला इथे कोंडलं. मेणबत्त्या म्हणजे नाटकाचा उजेड. प्रेक्षक येवोत न येवोत, त्या जळणारच. गाव सोडताना धर्मशाळेचं भाडं देता येईना म्हणून सामान अडकवून ठेवलेल्या आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोष्टी बाबांनी इतक्या सांगितल्या आहेत की चौकात उभं राहून मला ती रक्कम मनात रुपयांत करून बघायची गरज वाटली नाही. वडिलांनी पैसे भरले. नाराज होते, तरी भरले. मग सुटलेला मुलगा घरी परतला नाही. बेजार मंडळींबरोबर दुसऱ्या एका फिरत्या कंपनीत सामील झाला आणि पॅरिस सोडून गेला, ते तब्बल तेरा वर्षं.

ती तेरा वर्षं बघायची म्हणून मी दक्षिणेला गेले. बेझियेपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. पेझेना हे लांग्दोकमधलं लहानसं गाव. पिवळसर दगडाची घरं, अरुंद गल्ल्या, आणि कुठलंही मोठं दार ढकललं की आत चौक, चौकातून वर जाणारा वळणदार जिना. सतराव्या शतकात या प्रांताची सभा इथे भरायची. सभेला जमलेल्या सरदार-पाद्र्यांची करमणूक करायला नाटकवाले लागायचे. प्रिन्स द कोंतीचा वाडा गावाबाहेर होता. 1653 पासून मोलियेरच्या मंडळीला त्याचा आश्रय मिळाला. 1655-56 च्या हिवाळ्यात मंडळी इथे ज्या वाड्यात खेळली तो 'ओतेल दाल्फाँस' आजही आहे. दगडी गॅलऱ्यांनी वेढलेला त्याचा चौक मी बघितला. आवाज कसा घुमत असेल याचा अंदाज घ्यायला हळूच टाळी वाजवली. छान घुमतो. बाबांनी पहिली चौकशी हीच केली असती.

24 फेब्रुवारी 1656 ला मोलियेरने पेझेनात 6000 लिव्र मिळाल्याची पावती लिहून दिली. ती पावती उरली आहे. त्याच्या हातची नाटकाची एकही संहिता मात्र उरलेली नाही. सह्या, पावत्या, करार, एवढंच त्याचं हस्ताक्षर. मला हे कळल्यावर वाईट वाटलं आणि मग पटलंही. मंडळी चालवणाऱ्या माणसाच्या कागदांत हिशेबच जपले जातात.

दुसरा दिवस शनिवार, बाजाराचा. गावात एक कथा सांगतात. जेली नावाच्या न्हाव्याच्या दुकानात मोलियेर दर शनिवारी एका खुर्चीत बसायचा आणि दाढीला आलेल्या लोकांचं बोलणं ऐकायचा. दंतकथाच ती. पण शनिवारच्या बाजारात तासभर हिंडल्यावर मला ती सोडवेना. चीजवाली आणि तिचं गिऱ्हाईक यांच्यात वजनावरून चाललेली हुज्जत, मध्येच तिसऱ्या म्हातारीने टाकलेली काडी, गिऱ्हाइकाचं रागाने निघून जाणं आणि चार पावलांवरून परत येणं. प्रवेश लिहूनच ठेवलेला होता. सांगलीच्या शनिवारच्या बाजारातही हा प्रवेश अगदी असाच होतो, फक्त चीजच्या जागी मिरची.

मोलियेरने हे गाव कानात भरून घेतलं होतं याला पुरावाही आहे. 'मस्य द पूर्सोन्याक' हे त्याचं 1669 सालचं नाटक. त्यात ल्युसेत नावाची बाई येते आणि 'हा माझा नवरा, मला टाकून पळाला' असा कांगावा करते, तोही थेट दक्षिणेच्या बोलीत, पेझेनाचं नाव घेऊन. पॅरिसच्या प्रेक्षकाला त्यातलं निम्मं समजत नसणार. ठेक्यावरच हसू येत असणार. गाव सोडल्यावर बारा-तेरा वर्षांनीही ती बोली त्याच्या जिभेवर होती. पेझेनाने त्याचं स्मारक केलं ते 1897 मध्ये. शिल्पकार ॲंजालबेर शेजारच्याच बेझियेचा. संगमरवरी मोलियेरच्या बाजूला त्याने मोठ्या शोकांतिकेतली नायिका कोरली नाही, ही ल्युसेत कोरली. मला हे स्मारक पॅरिसमधल्या त्याच्या स्मारक-कारंज्याहून जास्त आवडलं.

इथे एक आडवाट. पेझेनाची खासियत म्हणून एक छोटा पदार्थ मिळतो, दोऱ्याच्या रिळाच्या आकाराचा. बाहेर कणकेचं कुरकुरीत आवरण, आत मेंढीचा खिमा, साखर आणि लिंबाची साल. तिखट-गोड सारण चाखताच मी थांबले, कारण चव युरोपातली नव्हती. दुकानदारीणबाईंनी अभिमानाने सांगितलं, की 1768 मध्ये एक इंग्रज लॉर्ड हवापालटाला इथे राहिला होता, त्याच्या हिंदुस्थानी खानसाम्याकडून गावाने हे शिकलं. तो लॉर्ड म्हणजे रॉबर्ट क्लाइव्ह! पलाशीचा क्लाइव्ह. पण मला आधी आठवला विजयदुर्ग. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला इंग्रज आरमाराने घेतला तेव्हा क्लाइव्ह फौजेसह तिथे होता. त्याच्या तोंडी रुजलेली चव फ्रान्सच्या एका गावात अडीचशे वर्षं टिकून आहे. खानसाम्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मी दुसरा घेतला तो त्याच्या नावाने.

कोंतीचा आश्रय फार टिकला नाही. प्रिन्सला उपरती झाली, तो कडक धार्मिक झाला आणि त्याने नाटकवाल्यांना दूर केलं. पुढे तर त्याने नाटकांविरुद्ध ग्रंथच लिहिला. पाठीवर थाप देणारा हातच उद्या बोट रोखू शकतो, हे मोलियेरने इथे जवळून पाहिलं. ढोंगी धर्मात्म्याची त्याला पुढे जी ओढ लागली तिचं बीज मला पेझेनात दिसतं. हे माझं मत, पुरावा नाही.

पॅरिसला परतीच्या गाडीत मी वही काढून पुढची वर्षं मांडली, कारण ती धावतात. 24 ऑक्टोबर 1658, लूव्र राजवाड्यातलं दालन, समोर वीस वर्षांचा चौदावा लुई. मंडळीने कोर्नेयची शोकांतिका केली. दरबारने ती सहन केली. मग मोलियेर पुढे आला, राजाची परवानगी मागितली आणि गावोगावी खेळून घासलेला एक छोटा फार्स सादर केला. राजा हसला. पॅरिसमध्ये नाट्यगृह मिळालं, इटालियन विनोदी मंडळीबरोबर वार वाटून. इथे मला नेहमी अडखळायला होतं. त्याला स्वतःला शोकांतिकेतला नट व्हायचं होतं. मिन्यारने काढलेलं त्याचं चित्र आहे, त्यात तो सीझरच्या वेषात आहे, डोक्यावर पानांचा मुकुट, मोठे डोळे, जाड ओठ. 1661 मध्ये त्याने गंभीर नाटक लिहून स्वतः नायक केला आणि ते साफ पडलं. लोकांना तो स्गानारेल म्हणून हवा होता, लालभडक साटीनचे कपडे घालून बायकोच्या हातातली परपुरुषाची तसबीर बघून कोलमडणारा. त्याच्या हयातीत त्याच्या मंडळीने सर्वांत जास्त वेळा केलेलं त्याचं नाटक हेच, आपल्या तसबिरीचं. आपल्याकडे गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव अजरामर झाला. त्या भूमिकेचा पहिला धनी मोलियेर स्वतः, हे बाबांना मी सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत.

आपल्या अंगात जे आहे ते तो नाटकात घालायचा. छाती खराब झाली, खोकला जाईना, तर 'लावार'मधल्या कंजूष म्हाताऱ्यालाच खोकला दिला. मेव्हणा लंगडत चालायचा, तर त्याच नाटकात नोकराला लंगडा म्हणून शिवी घातली. याच 'लावार'वरून अत्र्यांनी 'कवडीचुंबक' केलं. त्याआधी हरिभाऊ आपट्यांनी त्याच्या लाकूडतोड्या-वैद्याला 'मारून मुटकून वैद्यबुवा' करून मराठीत आणलं होतं. मराठी माणूस मोलियेरचं नाव न ऐकता शंभराहून अधिक वर्षं त्याला हसतो आहे.

'तार्त्युफ'ची गोष्ट सगळ्यात मोठी. मे 1664, व्हर्सायचा उत्सव. धर्माचा बुरखा पांघरून घर गिळणाऱ्या ढोंग्याचं हे नाटक राजाला आवडलं आणि तरी त्यालाच बंदी घालावी लागली. एका पाद्र्याने छापून मागणी केली, या माणसाला जाळा. 1667 मध्ये नाव आणि वेष बदलून एक प्रयोग झाला, लगेच पुन्हा बंदी. शेवटी 5 फेब्रुवारी 1669 ला परवानगी मिळाली. पाच वर्षं तो एका नाटकासाठी अर्ज करत, ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. त्याच दरम्यान 'दों ज्युआँ' पंधरा प्रयोगांनंतर बंद पडलं, पहिला मुलगा वर्षाच्या आत गेला, आजारपण वाढलं. आणि याच काळात त्याने 'मिझांत्रोप' लिहिलं. कशातून काढत असेल तो हे!

15 जानेवारी. दुपारी मी पेर लाशेझच्या दफनभूमीत गेले. शोपँच्या थडग्याशी गर्दी होती, तिथे नव्हती. लोखंडी कुंपणाच्या आत मोलियेर आणि ला फोंतेन शेजारी शेजारी. इथे 1817 मध्ये आणून ठेवलेली हाडं खरंच त्याची का, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. तरीही मी सांगलीहून आणलेली हळदीची छोटी पुडी कुंपणाशी ठेवली. देवलांच्या हरिपुरात पूर्वी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. त्या गावाकडून त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं.

संध्याकाळी कोमेदी-फ्रांसेज. याला फ्रेंच लोक 'मोलियेरचं घर' म्हणतात, जरी मोलियेर या इमारतीत कधी खेळला नाही. तो गेल्यावर सात वर्षांनी, 1680 मध्ये, राजाज्ञेने त्याची मंडळी आणि प्रतिस्पर्धी मंडळी एक झाली, तिथून ही संस्था सुरू झाली. 1799 पासून ती या नाट्यगृहात आहे. आणि बाबांना सर्वांत भावलेली गोष्ट अशी, की इथले ज्येष्ठ नट आजही संस्थेचे भागीदार आहेत. मोलियेरच्या मंडळीत उत्पन्नाचे वाटे पडायचे. ला ग्रांज नावाचा नट प्रत्येक प्रयोगाचा गल्ला वहीत लिहायचा. ती वही अजून इथे आहे. आपल्या गंधर्व नाटक मंडळीचा जन्मही 1913 मध्ये भागीदारीतूनच झाला. फरक इतकाच, की ही मंडळी राज्यक्रांतीच्या काळात फुटली, तरी 1799 मध्ये पुन्हा एक झाली आणि अजून उभी आहे.

बाजूच्या र्यू माँपांसिएवर कमानींखाली एक छोटी खिडकी आहे. नीट न दिसणाऱ्या वरच्या जागांची अगदी स्वस्त तिकिटं तिथे प्रयोगाच्या तासभर आधी मिळतात. मी दोन तास आधीच जाऊन उभी राहिले. बोटं बधिर झाली, पण तिकीट मिळालं. मध्येच दुकानात जाऊन मिन्यारच्या त्या चित्राचं कार्ड घेतलं, सीझरच्या वेषातलं. रांगेतली माझी जागा पुढच्या विद्यार्थिनीने राखली. आत गेल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेली खुर्ची बघितली. काळपट झालेलं चामडं, झिजलेले हात. हिच्यात बसून मोलियेरने शेवटची भूमिका केली. त्यानंतरही दोनशे वर्षं नट हिच्यात बसून तीच भूमिका करत होते. 1879 मध्ये तिला निवृत्ती मिळाली.

त्या रात्री लागलेलं नाटक तेच होतं, 'ल मालाद इमाजिनेर'. आर्गाँ हा ठणठणीत माणूस आजारी असल्याच्या भ्रमात औषधवाल्याची बिलं मोजत बसतो, तिथे पडदा उघडतो. मी वरच्या मजल्यावर खांबाआडून मान वाकडी करून बघत होते आणि माझ्या डोक्यात दुसरंच नाटक चालू होतं. 17 फेब्रुवारी 1673, या नाटकाचा चौथा प्रयोग. बरोबर वर्षापूर्वी याच तारखेला मादलेन गेली होती. त्या दिवशी त्याची प्रकृती इतकी बिघडलेली, की बायको आर्मांद आणि शिष्य बारों यांनी प्रयोग रद्द करा म्हणून विनवलं. त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय, की तो म्हणाला, पन्नास कामगारांचं पोट या रोजावर आहे, त्यांनी काय करावं?

तिसऱ्या अंकात आर्गाँचा भाऊ त्याला सांगतो, डॉक्टरांचं खूळ सोड, चल तुला मोलियेरचं एखादं नाटक दाखवतो. आर्गाँ भडकतो. मी डॉक्टर असतो तर हा मोलियेर आजारी पडल्यावर त्याला औषधाविना मरू दिलं असतं, म्हणतो. भाऊ म्हणतो, तो औषध घेणारच नाही. रोग सोसण्यापुरतीच ताकद त्याच्यात उरली आहे, वर औषधंही सोसायला नाही. हे शब्द मोलियेरने लिहिले. आणि आर्गाँच्या तोंडचा तो शाप, रक्त ओकणाऱ्या छातीने, हशाच्या वेळा साधत, त्याने स्वतः स्वतःला दिला. आज माझ्या आजूबाजूचे लोक तिथे मोकळेपणी हसले. मीही हसले. नटाने ते वाक्य असं टाकलं की हसू थांबवणं शक्य नव्हतं. डोळे मात्र भरून आले.

पुढे आर्गाँ मेल्याचं सोंग घेतो. घेण्याआधी विचारतो, यात धोका नाही ना? मग शेवटी मोडक्यातोडक्या लॅटिनमधला तो डॉक्टरकीचा सोहळा, नाचगाण्यांसह. उमेदवाराने 'जुरो', म्हणजे शपथ घेतो, असं म्हणायचं. त्या रात्री या शब्दावर मोलियेरला झटका आला. त्याने तो हसण्यात दडवला आणि प्रयोग पुरा केला. आज 'जुरो' ऐकताना मी कठडा घट्ट धरला होता. नटाने तो शब्द हसत उच्चारला आणि सोहळा पुढे गेला.

नाटक संपलं, पण कुणी उठलं नाही. रंगमंचावर मोलियेरचा अर्धपुतळा आणला गेला. मंडळीतले नट एकेक करून आले, आज काम असलेले आणि नसलेलेही. प्रत्येकाने त्याच्या नाटकातलं एक वाक्य म्हटलं. ना भाषण, ना हारतुरे. दर वर्षी 15 जानेवारीला ते असंच करतात. काही वाक्यांना लोक हसले, काहींना गप्प राहिले. मला सगळी समजली नाहीत. एक वयस्कर नट वाक्य म्हणून झाल्यावर क्षणभर पुतळ्याकडे बघत राहिला, बाबा देवघरासमोर उभे राहतात तसा. सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या तसबिरीला नमस्कार करून रंगमंचावर जाणारे नट मी लहानपणापासून बघितलेत. तिथे वाढले म्हणूनच बहुधा मला ते परकं वाटलं नाही.

बाहेर पडून र्यू द रिशेलियवर वळलं की तीन-चार मिनिटांत 40 नंबर. त्या रात्री त्याला पालखीसारख्या खुर्चीतून पाले-रोयाल राजवाड्याच्या पलीकडल्या नाट्यगृहातून इथे आणलं. खोकल्याची उबळ आली आणि रात्री दहाच्या सुमारास तो गेला. जवळ दोन जोगिणी होत्या, त्याच्या घरी उतरलेल्या. दोन पाद्र्यांनी यायला नकार दिला होता, तिसरा पोचला तेव्हा उशीर झाला होता. नटाने मरताना आपला धंदा सोडल्याचं लिहून दिल्याशिवाय त्याला चर्चच्या भूमीत जागा नसे. मादलेनने तसं लिहून दिलं होतं, म्हणून तिला ती मिळाली. याने दिलं नव्हतं. ज्या सां-तोस्ताशमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच सां-तोस्ताशच्या पाद्र्याने त्याला पुरायला नकार दिला. आर्मांद राजाकडे गेली. मग मुख्य धर्माधिकाऱ्याने परवानगी दिली: रात्री, समारंभाविना. 21 फेब्रुवारीला रात्री नऊ वाजता मशालींच्या उजेडात त्याला नेलं. 24 तारखेला मंडळीने पुन्हा पडदा उघडला. बालगंधर्वांनी मुलगी गेली त्या दिवशी 'मानापमान'चा पहिला प्रयोग केला, ते सांगताना बाबांचा आवाज नेहमी बदलतो. त्यांना आता ही तारीखही सांगायची आहे.

समोर 1844 सालचं कारंजं आहे. वर मोलियेर बसलेला, खाली दोन संगमरवरी स्त्रिया. रस्त्यावरून एक जोडपं काहीतरी जोरात भांडत गेलं. तिने त्याच्या फोनमध्ये काहीतरी पाहिलं होतं, एवढं समजलं. फोनमधला फोटो असावा. मी पिशवीतलं कार्ड काढून दिव्याखाली धरलं. पानांच्या मुकुटाखाली तेच मोठे डोळे.

सांगलीत पहाटेचे साडेतीन झाले असतील. बाबा साडेपाचला उठतात. खोलीवर जाऊन मी चहा केला आणि जागीच बसून राहिले.